चावा घेतलेली गिटार

वसईत इलेक्ट्रिक गिटारी बनत होत्या असं सांगितलं, की लोक माझ्याकडे वसईत हत्तींचे कळप होते असं सांगितल्यासारखं बघतात. बघू देत. माणिकपूरला रिक्षा स्टँडच्या मागे माझं मोटारी भरायचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात आम्ही अशा गिटारी बनवल्या, की त्यातल्या एकीचा आवाज ऐकून गल्लीतल्या बहिऱ्या आजोबांनी कानातलं यंत्र काढून कचऱ्यात फेकलं. यात थोडी अतिशयोक्ती आहे. कचऱ्यात नाही, खिशात टाकलं.

मोटार भरणं म्हणजे जळलेल्या मोटारीतली काळी पडलेली तार उचकटून नवी तार गुंडाळणं. आमचं घराणं वाडीवालं. केळी, पानवेल, सोनचाफा. वाडी आली की विहीर आली, विहीर आली की पंप आला, आणि मे महिना आला की पंप जळला. वडील जळलेल्या पंपाला शिव्या द्यायचे. मी त्याच पंपावर पोट भरायचं ठरवलं. नव्वदच्या दशकात उत्तर वसईपासून पार नालासोपाऱ्यापर्यंत पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी इतक्या झाल्या होत्या, की मी झोपेतही अंथरुणाची चादर गोल गुंडाळत असे.

मेस्त्री माझ्याकडे आला तो करवतीची जळलेली मोटार खांद्यावर घेऊन. समुद्राकाठच्या कोळीवाड्यातला ख्रिस्ती सुतार. आजा-पणजा होड्या बांधणारे. मेस्त्रीच्या हयातीत होड्यांचं काम कमी होत गेलं आणि तो चर्चची, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत देवळातली बाकं, घरांचे दरवाजे आणि पेट्या करू लागला. पेट्या म्हणजे माणसाला शेवटची निजवतात त्या. हात इतका साफ, की पंचक्रोशीत लोक म्हणायचे, मेस्त्रीच्या पेटीत झोपायला मिळणार असेल तर मरायला हरकत नाही. कुणी त्याच्याकडे येऊन नुसतं "मेस्त्री, पेटी पाहिजे" म्हटलं, की तो डोक्यावरची टोपी काढायचा आणि हळू आवाजात विचारायचा, "कोन गेलं?" दुसरा प्रश्न विचारायची त्याला कधी गरज पडली नाही.

त्या दिवशी मोटार टेबलावर ठेवून त्याने दुसऱ्या हातातल्या गोणपाटातून एक गिटार काढली.

"वायरवाल्या, हिच्या पोटातली तार तुटलीय. तुला बारीक तार भरता येते?"

मी आयुष्यात कुठल्याही कामाला नाही म्हटलेलं नाही. ते येतं की नाही हे मी नंतर बघतो.

"केसापेक्षा बारीक भरतो," मी म्हणालो.

"कोनाच्या केसापेक्षा?"

असा हा माणूस. मोटार भरून झाली, गिटारही भरून झाली, तरी मेस्त्री जाईना. माझ्या दुकानाचा मागचा रिकामा भाग बघत उभा राहिला आणि म्हणाला, "ही गिटार मीच केलीय. घरी जागा नाय. तू आतलं कर, मी बाहेरचं करतो." मी विचारलं, एवढा उद्योग कशाला? पेट्यांचं काम तर कधी बंद पडणार नाही. तेव्हा त्याने दिलेलं उत्तर मी विसरलो नाही. तो म्हणाला, "तेच तर. मी केलेली वस्तू हातात घेऊन मानूस हसलाय, असं मला बघायचंय. बाकं नि पेट्या बघून कोन हसतो?"

अशी भागीदारी झाली. मी बाहेर पाटी लावली: 'मोटर, पंखे, पिकअप भरून मिळतील.' पिकअप म्हणजे गिटारीच्या तारांखाली बसवायची चुंबकाची डबी, जी तारेची थरथर पकडून स्पीकरला सांगते. पण पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ पालक-मेथीच्या जुड्या घेऊन दारात हजर. "पिकअप भरून देता ना? मग भरा आणि दादरला पोचवा." पाटी मी बदलली नाही. भाजी ठेवून घेतली.

आता मेस्त्रीच्या गिटारीचं बाह्यरूप सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथून आहे. गिटार कापायची तर आधी प्लायवूडचा फर्मा लागतो. तो लाकडावर ठेवायचा, पेन्सिल फिरवायची, कापायचं. मेस्त्रीचा फर्मा भिंतीवर येशूच्या तसबिरीखाली टांगलेला असे. त्याच्या गावचा एकजण जहाजावरच्या बँडमध्ये वाजवायचा. एका सुट्टीत त्याने आपली परदेशी गिटार मेस्त्रीकडे मानेची डागडुजी करायला ठेवली. मेस्त्रीने ती परत द्यायच्या आदल्या दिवशी प्लायवूडवर पालथी घालून तिच्या कडेने पेन्सिल फिरवली. जहाजवाला पुन्हा जहाजावर गेला आणि फर्मा इथे राहिला. दोन शिंगं, बारीक कंबर, भरदार बूड. आणि त्या बुडाला, अगदी खालच्या काठाला, जरा डावीकडे, एक चावा.

दुसरा शब्द नाही. कुणीतरी बिस्किटाचा घ्यावा तसा चावा. मेस्त्रीच्या प्रत्येक गिटारीला तो होता आणि तो कशासाठी आहे हे प्रत्येक गिऱ्हाईक छातीठोकपणे सांगायचं. एकजण म्हणाला, खर्जाचा आवाज तिथून बाहेर पडतो. दुसरा म्हणाला, बसून वाजवताना पँटच्या बटणाला अडकू नये म्हणून. देवळातल्या कॉयरचे एक वयस्क सर म्हणाले, स्टेजवर बाटली ठेवायला, आणि लगेच म्हणाले की मी पीत नाही.

मेस्त्रीचं मात्र उत्तर एकच. "ज्यानं पहिली गिटार बनवली त्यानं इचार करून ठेवलाय. आपल्याला कळत नाय म्हनून आपन बुजवायचा? देवळातल्या खांबाचा अर्थ तुला कळतो? मग तोडतोस का?"

त्या फर्म्याला तो स्वतःचा हातसुद्धा लागू देत नसे. धुळीने माखला तर फडक्याने टिपायचा, पुसायचा नाही. माझ्याशी करार एवढाच, की आत काय वाट्टेल ते कर, बाहेरच्या रेघेला हात लावायचा नाही.

मी आत वाट्टेल ते केलं. माझी पहिली पिकअप इतकी तिखट होती, की देवळाच्या पटांगणातल्या कार्यक्रमात गाणं सुरू व्हायच्या आधी स्पीकरमधून रेडिओवरचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम सुरू झाला आणि भातावरच्या तुडतुड्यांवर कोणतं औषध मारावं हे फादरांसकट सगळ्यांनी ऐकलं. लोक म्हणतात मी वाढवून सांगतो. त्या वर्षी त्या गावात तुडतुडे झाले नाहीत, एवढंच मी सांगेन. मग मी मोटारवाल्याची अक्कल चालवली. एका डबीऐवजी दोन शेजारी-शेजारी बसवल्या. एकीत तार सुलटी भरली, दुसरीत उलटी, आणि चुंबकही एकीचं सुलटं, दुसरीचं पालथं. बाहेरून शिरणारा घूंघूं आवाज दोन्हींत उलटसुलट येऊन एकमेकांना खाऊन टाकतो आणि तारांचा तेवढा उरतो. दूर परदेशात ही युक्ती आधीच कुणीतरी काढली होती असं मला नंतर कळलं. त्याने मला विचारलं असतं तर त्याचाही वेळ वाचला असता.

हे असं छान चाललं होतं. कोळीवाड्यातल्या लग्नांत, सणांना, नाताळात आमच्या गिटारी वाजायच्या. आणि मग दोन हजार सालाच्या आसपास दुकानांतून तयार गिटारी यायला लागल्या. चकचकीत, हलक्या, मानेत बारीक, वर एक दांडी, जी दाबली की सूर रडल्यासारखा खाली येतो. आमच्याकडे येणारी पोरं त्या गिटारींची गोष्ट अशी सांगायची, जशी वाडीतली माणसं मुंबईच्या मावशीची सांगतात. एका वर्षी पावसाळ्याआधीच्या लग्नसराईतही एकही नवी गिटार गेली नाही. मागच्या खोलीत मेस्त्री रंधा मारायचा तो पुन्हा पेटीच्या फळ्यांवर.

अशात मनवेलपाड्याहून ऑर्केस्ट्रावाला आला. मूळचा कणकवलीकडचा, आठवडाभर मुंबईत नोकरी आणि शनिवार-रविवार लग्नाचा ऑर्केस्ट्रा. स्वतःच गिटार वाजवायचा, स्वतःच अनाउन्स करायचा, आणि नवरीच्या मामाचं नाव चुकलं तर स्वतःच माफी मागायचा. विरार ते वसई अशी सगळी लग्नं त्याच्या खिशात. तो जी गिटार गळ्यात घालेल ती महिन्याभरात सगळ्यांच्या गळ्यात.

त्याने आमची गिटार घेतली, एक गत वाजवली, आणि भुवया वर गेल्या. "आवाज एक नंबर, बॉस. दुकानातल्या गिटारीला असला आवाज नाही." मग गिटार उलटीपालटी करून बघितली. "पण काय ओ मेस्त्री, वजन म्हणजे पाटा-वरवंटा गळ्यात अडकवल्यासारखं. मान म्हणजे ओंडका. आणि ह्याला खालून उंदराने खाल्लंय काय?"

मेस्त्रीच्या हातातला रंधा थांबला.

"उंदीर नाय," तो म्हणाला. "तो नमुनाच तसा हाय."

"नमुना असेल, पण स्टेजवर फोकस पडला की लोक म्हणणार, ऑर्केस्ट्रावाल्याने सेकंडहँड घेतली. मान बारीक करा, वजन उतरवा, तो चावा बुजवा. पुढच्या महिन्यात तुमच्याच कोळीवाड्यात लग्न आहे. अर्धा कार्यक्रम तुमच्या गिटारीवर, अर्धा दुकानातलीवर. जी आवडेल ती ठेवणार. टेन्शन नका घेऊ."

तो गेल्यावर मेस्त्रीने टेन्शन घेतलं. "वायरवाल्या, ह्यानं नाय म्हटलं तर संपलं. मग मी आनि पेट्या. मरेपर्यंत मेलेल्यांसाठीच."

"मग चावा बुजवा," मी म्हणालो.

"ते नाय होनार."

पुढचे तीन आठवडे आमच्या दुकानात जी भांडणं झाली ती ऐकायला रिक्षावाले मीटर बंद करून थांबायचे. मी म्हणालो, मान बारीक करायची तर आत पोलादी सळई घालू या. आपल्या खाऱ्या हवेत बारीक मान पहिल्याच पावसाळ्यात वाकेल. मेस्त्री म्हणाला, "मानेत सळई घातलेला मानूस बघितलायस का? कोनाला नमस्कार करता येत नाय त्याला." तो होडीच्या कण्यासारखी तीन पट्ट्यांची मान करायचा, मधली पट्टी उलट्या नसांची, म्हणजे एक वाकायला लागली की दुसरी तिला आवरते. मी म्हणालो तीन पट्ट्या राहू दे, मध्ये सळईही राहू दे. त्याने सळई हातात घेतली, वाकवून बघितली, दातांनी चावून बघितली आणि म्हणाला, "मधल्या पट्टीत. बाहेरून दिसली तर मी उपटून तुझ्या पंख्यात घालीन."

मग वजन. तो जुन्या होड्यांचा साग वापरायचा. ते लाकूड पन्नास वर्षं समुद्र पिऊन बसलेलं. गिटार गळ्यात घातली की माणूस भरतीच्या वेळी बुडेल. आमच्या वाडीत मागच्या वादळात पडलेला फणस शेडमध्ये सुकत होता. मी आईकडे मागितला. आई पानाच्या देठांची जुळणी करत बसली होती.

"फणसाची गिटार?" ती म्हणाली. "मग ती वाजवली की गरे पडतील का?"

"आई, फणसाची वीणा करतात. सरस्वतीच्या हातातली."

"सरस्वतीसाठी म्हणून घेऊन जा. पण तुझ्या त्या कोळ्याला सांग, उरलेल्या तुकड्यांचा मला पाट हवा."

तिला पाट मिळाला. मेस्त्रीने फणसाला करवत लावली तशी खोलीभर हळदीसारखा पिवळा भुसा उडाला आणि तो चिडायचा थांबला. गिटार आतून होडीसारखी पोखरली, वरून पातळ फळी चिकटवली. वजन इतकं उतरलं, की पहिल्यांदा गळ्यात घातल्यावर मी वर उडू नये म्हणून टेबल धरलं. मूळचा पिवळा रंग त्याने तसाच ठेवला, वर फक्त पॉलिश. सूर रडवायची दांडीही बसवली. तिच्या स्प्रिंगा मी जुन्या मिक्सरमधल्या वापरल्या होत्या आणि पुन्हा वेळ आली तरी त्याच वापरेन.

सगळं बदललं. मान बदलली, लाकूड बदललं, पोट बदललं. चावा होता तिथेच राहिला.

"मेस्त्री," मी शेवटचं विचारलं, "एवढं सोडलंत, हे का सोडत नाही?"

"ते सगळं आपलं होतं, म्हनून सोडलं. हा आपला नाय. ज्यानं ठेवलाय त्याला इचारल्याशिवाय मी काढनार नाय."

लग्नाचा मांडव समुद्राच्या बाजूला, सुकट वाळवायच्या पटांगणात होता. दुपारचा कार्यक्रम. फळ्यांचं स्टेज, मागे जनरेटर, बाजूला माणूसभर उंचीचे स्पीकर. मेस्त्री चुलतभावाच्या लग्नात शिवलेला कोट घालून पहिल्या रांगेत बसला होता आणि दोन्ही हात गुडघ्यांवर असे ठेवले होते, जसे फोटो काढताना ठेवतात. शेजारी मी. मी निश्चिंत होतो. मला माझ्या पिकअपची खात्री होती. शिवाय पुलाव चांगला होता.

ऑर्केस्ट्रावाल्याने आमची पिवळी गिटार गळ्यात घातली आणि पहिल्याच सुराला मांडवावरचे कावळे उठून गेले आणि ऐकायला परत आले. लग्नातली म्हातारी मंडळी नाचायला उठली. एक आजी काठी घेऊन उठल्या आणि काठी नवरीच्या बापाच्या हातात देऊन नाचू लागल्या. ऑर्केस्ट्रावाला दांडी दाबत होता, सूर रडत होते, लोक हसत होते. मी मेस्त्रीकडे बघितलं. तो दुसऱ्या कुणाकडेच बघत नव्हता. त्या हसणाऱ्या आजींकडे बघत होता.

मध्यंतर झालं. ऑर्केस्ट्रावाल्याने आमची गिटार स्पीकरला टेकवून उभी केली, शेजारी दुकानातली टेकवली, आणि सरबत प्यायला उतरला. इतक्यात मागच्या रांगेतून एक टक्कल पडलेला, फुलाफुलांचा शर्ट घातलेला गृहस्थ स्टेजपाशी आला. वाकून बघितलं, आणखी वाकला, आणि मोठ्याने हसायलाच लागला.

"अरे मेस्त्री! ही तर माझी गिटार रे!"

तोच तो. जहाजवाला. निवृत्त होऊन कायमचा गावी आला होता. मेस्त्री उठून उभा राहिला. इतक्या वर्षांनी ज्याला विचारायचं तो समोर आला होता.

"बरा आलास," मेस्त्री म्हणाला. "मला एक सांग. हा खालचा चावा. हा कशासाठी ठेवलाय?"

"ठेवलाय?" जहाजवाल्याला हसता हसता खोकला आला. "अरे येड्या, तो कोन ठेवील? जहाज हलत होता, केबिनचा लोखंडी दरवाजा धाडकन लागला. गिटार मधी आली. दरवाज्यानं तुकडाच काढला! मी तुला मान दुरुस्त करायला दिली होती, तू चाव्याचा पन फोटो काढलास?"

लग्नात बातमी पसरायला ताटातली वडी संपायला लागते तेवढाच वेळ लागतो. हे हसले, ते हसले, भटारखान्यातून आचारी हसत बाहेर आला. ऑर्केस्ट्रावाला सरबताचा ग्लास हातात घेऊन म्हणाला, "म्हणजे मेस्त्री, इतकी वर्षं तुम्ही आम्हाला अपघात विकताय?"

मला हसू आलं होतं. पण मेस्त्रीच्या चेहऱ्याकडे बघून ते गिळलं. तो कोटाचं बटण चाचपत उभा होता. पहिल्या रांगेतली माणसं हसत होती, त्याच्या गिटारीला बघूनच हसत होती, आणि त्याने मागितलेलं हसणं ते नव्हतं.

तेवढ्यात मागच्या माणसाने मध्यंतरात बंद केलेला जनरेटर पुन्हा चालू केला.

आता इथे मी अक्षर न् अक्षर खरं सांगतो, आणि माझ्यासारख्या माणसाने हे म्हटलं म्हणजे ते खरंच असणार. जनरेटर सुरू झाला आणि स्टेजच्या फळ्या थरथरायला लागल्या. दुकानातल्या गिटारीचं बूड गोल, गुळगुळीत. ती हळूहळू, मांडवात जास्त झालेल्या पाहुण्यासारखी, स्पीकरवरून एका बाजूला घसरत गेली आणि आडवी झाली. शेजारची आमची हलली नाही. चाव्याच्या दोन बाजूंचे दोन पाय फळीवर रोवून, बोकडासारखी उभी. एक पाय जरा लांब, एक आखूड, म्हणून किंचित कलती, कमरेवर हात ठेवल्यासारखी. आमच्या दुकानात गिटारी कायम दुधीसारख्या तारेवर टांगलेल्या असायच्या; ती उभी राहते हे आम्हालाच माहीत नव्हतं.

हसणारे वाकून तिचे पाय बघायला लागले. आडवी झालेली गिटार उचलून ऑर्केस्ट्रावाल्याने छेडली. सगळे सूर गेले होते, आणि नवरा-नवरी केक कापायला स्टेजवर चढत होते.

मेस्त्री कोटाचं बटण लावून सावकाश म्हणाला, "दरवाज्याला अक्कल होती."

मग जे हसणं झालं ते निराळं. जहाजवाल्याने त्याच्या पाठीत असा धपका घातला, की मेस्त्रीही हसला. ऑर्केस्ट्रावाला सूर लावत बसला नाही. पिवळी गिटार उचलून गळ्यात घातली आणि शेवटपर्यंत तीच वाजवली.

पण मला भीती वेगळीच वाटत होती. सोमवारी मी दुकानात आलो तर मेस्त्री माझ्या आधी हजर. भिंतीवरचा फर्मा खाली उतरवून शिकंज्यात आवळला होता आणि त्याच्या हातात कानस होती. मला वाटलं, झालं, लाजेपायी हा चावाच कापून टाकणार.

"मेस्त्री, थांबा. आता तर सगळ्यांना कळलंय तो कशासाठी आहे."

"म्हनूनच," तो कानस चालवत म्हणाला. "इतके दिवस वाटायचं, कोनी मोठ्या मानसानं मोजून मापून ठेवलाय. हात लावायचा नाय. आता कळलं, कोनी ठेवलाच नाय. मग हा आता माझा झाला." आणि त्याने तो चावा उजवीकडे कापत नेऊन मधोमध आणला, दोन्ही पाय सारखे केले, टोकांना गोलाई दिली. मग माझ्याकडे वळला. "तुझी ती वायर खोचायची जागा इथं आत घे. लग्नात लोक वायरीवर पाय देतात, खोच तुटते. चाव्यात दडवली तर तुटनार नाय."

मला आयुष्यात हेवा वाटला तो त्या एका वाक्याचा. वायर माझी, खोच माझी, आणि ते मला सुचलं नव्हतं. अर्थात लोकांना सांगताना मी ते मला सुचलं असंच सांगतो.

ऑर्केस्ट्रावाला पुढच्या रविवारी आला, नवा फर्मा बघितला, अंगठ्याने चाव्याची गोलाई चाचपली आणि म्हणाला, "बेस गिटारलाही असेच पाय करा. आणि मेस्त्री, आता फोकस त्याच्यावरच पाडू." त्या मोसमात नालासोपाऱ्यापासून विरारपर्यंत मांडवांमांडवांतून पिवळ्या गिटारी दोन पायांवर उभ्या राहिल्या. एकदा तर दुकानात मिळणारी तयार गिटार घेऊन एक मुलगा आला आणि म्हणाला, "अंकल, हिला तेवढा चावा मारून द्या." मेस्त्रीने मारून दिला.

पेट्या मेस्त्रीने सोडल्या नाहीत. कुणी गेलं तर दुसऱ्याकडे कोण जाणार? पण आता गिटार घेणाऱ्यांना ती ठेवायला लाकडी पेटीही लागायची, आत मखमल लावलेली, आणि तीही तोच करायचा. एके दिवशी पावसाच्या उघडीपीत एक माणूस छत्री मिटत दारात आला आणि म्हणाला, "मेस्त्री, पेटी पाहिजे."

मेस्त्रीचा हात सवयीने टोपीकडे गेला. अर्ध्यावर थांबला. मग त्याने टोपी तशीच डोक्यावर राहू दिली आणि विचारलं,

"कुठली? वाजवायची, का निजायची?"